दहा आकडे आणि एक मोकळी जागा

मोबाइलवरचे बहुतेक कोणतेही ॲप उघडा, ते सर्वांत आधी तुमचा फोन नंबर मागते. बँक असो, गॅसचे सिलिंडर असो, की भविष्य निर्वाह निधीचा हिशेब असो, दारात उभे करून विचारला जाणारा पहिला प्रश्न हाच. एक चौकट दिसते, खाली आकड्यांच्या कळा उमटतात आणि आपण टाइप करू लागतो. टाइप करता करता पुष्कळ ॲपांत एक लहानशी गोष्ट घडते. पाच आकडे झाले की मध्ये आपोआप एक मोकळी जागा पडते आणि उरलेले पाच आकडे तिच्या पलीकडे उमटतात. ती जागा आपण सोडलेली नसते, ॲपने सोडलेली असते. आजचे आमचे व्याख्यान या एका मोकळ्या जागेविषयी आहे.

कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाने या व्यासपीठावरून वेतनाविषयी बोलावे, बोनसविषयी बोलावे. ही कसली आकड्यांची कलाकुसर, असे काही श्रोत्यांना वाटेल. त्यांना आमचे सांगणे असे की, आमच्या कचेरीतले निम्मे काम आज या चौकटीपाशीच अडते. पूर्वी कामगाराची ओळख हजेरीपटावरच्या नंबराने आणि छातीवरच्या बिल्ल्याने होत असे. आज ती दहा आकड्यांनी होते. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यासाठी २०१४ पासून प्रत्येकाला बारा आकडी कायम क्रमांक मिळू लागला. पण त्या खात्याचे कुलूप उघडणारा ओटीपी येतो तो मोबाइलवर. २६ ऑगस्ट २०२१ रोजी असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली, तेव्हा ज्याला आपली नोंद आपणच करावयाची त्याच्याकडे आधारशी जोडलेला मोबाइल नंबर असणे आवश्यक ठरले. तेव्हा बांधकामावरच्या गवंड्याच्या दृष्टीने हे दहा आकडे ही कलाकुसर नव्हे. त्यांतला एक इकडचा तिकडे झाला, तर त्याचा ओटीपी दुसऱ्याच्या खिशात वाजतो आणि हा नाक्यावर वाट पाहत बसतो.

आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. संगणकाची जी काही समज आली ती कचेरीतल्या तरुण मुलांना प्रश्न विचारून आणि रात्री पुस्तके चाळून. त्यामुळे जे सांगू ते साध्या भाषेतच सांगू.

प्रथम ही जागा हवी कशाला ते पाहू. दहा आकडे सलग लिहिले तर डोळा मध्यावर कुठेतरी घसरतो. ९८७६५४३२१० असे लिहिले आणि सातवा आकडा कोणता असे विचारले, तर आपण बोट ठेवून मोजू लागतो. ९८७६५ ४३२१० असे लिहिले की मोजणी पाचाच्या आत येते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली एका निबंधात मांडले की, माणूस एका वेळी सात, फार तर दोन कमी-जास्त, इतक्या गोष्टी लक्षात धरू शकतो. मात्र सुट्या गोष्टींचे गट बांधले तर तितकेच गट लक्षात राहतात. आमच्या बाजारातला तांबोळीदेखील पाने गड्डी करूनच मोजतो, ते याच कारणाने.

परंतु याहून मोठे कारण दुसरे आहे. आधारच्या क्रमांकात बारा आकडे असतात. त्यांतला शेवटचा आकडा बाकीच्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो. याकोबुस व्हेरहोफ या डच गणितज्ञाने ही पद्धत बसवली. तिची खुबी अशी की, एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर यंत्राला लगेच कळते. आधार लिहिताना चूक केली तर यंत्र दारातच अडवते. फोन नंबराला असा राखणदार नाही. त्याचा शेवटचा आकडा बाकीच्यांवर पहारा करीत नाही. दहांपैकी कोणताही आकडा बदला, जे तयार होते ते बहुधा दुसऱ्या कोणाचे तरी खरेखुरे नाव-गाव असते. तेव्हा येथे राखण करणारा एकच, तो म्हणजे लिहिणाऱ्याचा डोळा. त्या डोळ्याला टेकू म्हणून ही मोकळी जागा.

आता गट कसे पाडावेत याविषयी जगात एकमत नाही. अमेरिकेत तीन, तीन, चार. फ्रान्समध्ये दोन-दोनचे पाच गट. आमच्याकडे मोबाइलसाठी पाच-पाचाचा प्रघात पडला आहे. दुकानाच्या पाट्या पाहा, लग्नपत्रिका पाहा. बोलताना मात्र मराठी माणूस पाच-पाच बोलत नाही. तो जोड्या लावतो: अठ्ठ्याण्णव, शहात्तर, चोपन्न. आणि येथे आमच्या भाषेची एक अडचण उभी राहते. ‘शहात्तर’ म्हणताना सहा आधी कानावर पडतो, सत्तर मागाहून; लिहायचा असतो मात्र सात आधी. ‘एकोणसाठ’ ऐकून कितीजण एकोणसत्तर लिहितात याची मोजदाद कोणी केलेली नाही, पण नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या कोणालाही विचारा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. त्या वादात आम्ही पडत नाही. परंतु फोन नंबर सांगताना एकेक आकडा सुटा सांगावा, असे आमच्या कचेरीत आम्ही भिंतीवर लिहून ठेवले आहे. त्यातही पाच-पाचाच्या मोकळ्या जागेने जोडी फुटते (तिसऱ्या जोडीचा एक पाय अलीकडे, एक पलीकडे), म्हणून जोड्या लावणाऱ्याला आपोआप थांबावे लागते. हा फायदा कोणी योजून केला असेल असे वाटत नाही, पण आहे खरा.

मोबाइलचे झाले सोपे. घरच्या किंवा कचेरीच्या तारेच्या फोनाकडे वळले की खरा गुंता दिसतो. तेथेही शून्य सोडून आकडे दहाच. पण गावाचा कोड कोठे संपतो आणि नंबर कोठे सुरू होतो हे प्रत्येक ठिकाणी वेगळे. मुंबईचा कोड २२, पुढे आठ आकडे. नाशिकचा २५३, पुढे सात. साताऱ्याचा २१६२, पुढे सहा. ॲपचे दुखणे असे की, त्याला निर्णय पुढचे आकडे येण्यापूर्वी करावा लागतो. माणसाने २ लिहिला, काही कळत नाही. २१ लिहिला, तरी कळत नाही. पुढे ७ आला तर सोलापूर, आणि जागा तीन आकड्यांनंतर. पुढे ६ आला तर सातारा जिल्हा, आणि जागा चार आकड्यांनंतर. म्हणजे ॲपला गावांची यादी पाठ असावी लागते, आणि ती यादी बदलतही असते. पुण्याचा कोड एके काळी २१२ होता, तो पुढे २० झाला. मोबाइलचे नंबर आरंभी ९ ने सुरू होत. मग ८ आला, ७ आला, शेवटी ६ आला. ज्यांनी आपल्या चौकटीवर ‘७ ते ९ एवढेच घ्यावे’ असा पहारा बसवला होता, त्यांनी ६ वाल्या गरिबांना कित्येक दिवस दाराबाहेर ठेवले. पहारा सैल असला तरी निभत नाही. नागपूरचा कोड ७१२. म्हणून तेथला तारेचा नंबर शून्याविना लिहिला तर तो ७ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर दिसतो आणि मोबाइल म्हणून बिनदिक्कत आत जातो. त्याच्यावर ओटीपीचा संदेश पाठवला तर तो पोहोचणार कोठे?

आता यंत्राच्या पोटात काय चालते ते सांगतो. आपण एक कळ दाबली की चौकटीतला मजकूर बदलतो. ॲपमधला एक भाग त्यावर नजर ठेवून असतो. त्यास आपण कारकून म्हणू. मजकूर बदलला की कारकून सारा मजकूर उचलतो, त्यातले आकडे तेवढे वेचतो, योग्य ठिकाणी जागा सोडून पुन्हा लिहितो आणि चौकटीत ठेवतो. काम एवढेच. पण कारकुनाने पुन्हा लिहिले म्हणजे मजकूर पुन्हा बदलला. तो बदल पाहून कारकून परत कामाला लागतो आणि आपलीच दुरुस्ती दुरुस्त करीत बसतो. म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्याने त्यास आधीच सांगून ठेवावे लागते की, बाबा रे, तू स्वतः केलेल्या बदलाकडे लक्ष देऊ नकोस. हे बहुतेकांना ठाऊक असते. पुढचे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते, किंवा ठाऊक असून ते आळस करतात.

कोणीतरी चौकटीवर ‘दहापेक्षा जास्त चिन्हे नकोत’ अशी मर्यादा घालतो. पाच-पाचाची जागा दुसऱ्याच कोणी घातलेली असते. मोकळी जागा हेही यंत्राच्या लेखी एक चिन्हच. नऊ आकडे आणि एक जागा मिळून दहा झाले, दहावा आकडा काही केल्या बसत नाही. गवंडी बिचारा कळ दाबून दाबून थकतो आणि फोन बिघडला म्हणतो. मर्यादा घालावयाची तर आकड्यांवर घालावी, चिन्हांवर नव्हे.

याहून वाईट प्रकार कर्सरचा. समजा, एकाला ९८७६५ ४३२१० लिहावयाचे होते आणि त्याने चौथ्या ठिकाणी ६ च्या जागी ३ लिहिला. पुढे त्याच्या ध्यानात आले. त्याने बोट नेमके ३ च्या पुढे ठेवले आणि तो पुसला. कारकुनाने उरलेले नऊ आकडे उचलून ९८७५४ ३२१० असे नवे लिहून ठेवले, आणि नवे लिहिताना कर्सर गेला शेवटी. माणसाला वाटते कर्सर आपण ठेवला तेथेच आहे. तो ६ दाबतो. चौकटीत उमटते ९८७५४ ३२१०६. आकडे दहा भरले, सुरुवात ९ ने, ॲप खूष, बरोबरची हिरवी खूण येते. माणसाने चूक सुधारली आणि सुधारताना दुसऱ्याचाच नंबर लिहून दिला. याचा उपाय कठीण नाही. कारकुनाने मजकूर उचलण्यापूर्वी कर्सरच्या डावीकडे किती आकडे आहेत ते मोजावे. मोकळी जागा धरू नये, आकडेच मोजावेत. वरच्या उदाहरणात ते तीन. नवे लिहून झाले की तिसऱ्या आकड्यानंतर कर्सर परत ठेवावा. मग ६ आपल्या जागी पडतो. एवढी मोजणी न केल्यामुळे किती लोकांचे किती खेटे वाया जातात, याचा विचार प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी करावा.

पुसण्याच्या कळीचा आणखी एक तिढा आहे. पाचवा आकडा येताच जागा सोडणारी ॲपे असतात. माणूस पाच आकडे लिहून थांबला व त्याने मागे पुसावयास घेतले, तर प्रथम पुसली जाते ती मोकळी जागा. कारकून पाहतो, पाच आकडे आहेत, जागा नाही. तो तत्परतेने जागा परत ठेवतो. माणूस पुसतो, हा ठेवतो. आम्ही एका वृद्ध घरकामगार बाईंना ही झुंज पाच मिनिटे देताना पाहिले आहे. जागा सहाव्या आकड्याबरोबर सोडावी, पाचव्याबरोबर नव्हे, म्हणजे शेवटची झुंज मिटते. आणि मध्येच कोणी जागेवर पुसण्याची कळ दाबली, तर त्याला पुसावयाचा असतो तो जागेमागचा आकडा, हे समजून तो पुसावा.

आतापर्यंत एकेक कळ दाबणाऱ्याचे सांगितले. परंतु पुष्कळ वेळा नंबर एकदम येतो. दुसरीकडून उचलून चिकटवलेला असतो, किंवा फोन स्वतःच भरून देतो. असा नंबर येतो तो +९१ घेऊन येतो. या अधिक चिन्हाचा अर्थ असा की, यापुढे देशाचा कोड आहे. परदेशी फोन लावण्यासाठी आपण प्रथम ०० फिरवतो, अमेरिकेत ०११ फिरवतात, जपानमध्ये ०१०. त्या सर्वांच्या ऐवजी हे एक चिन्ह. देशाचा कोड धरून नंबर पंधरा आकड्यांपेक्षा मोठा नसावा, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. आता एका नोंदणीच्या ॲपमध्ये आम्ही काय पाहिले ते ऐका. ॲपचे नाव घेण्यात अर्थ नाही. +९१ ९८७६५ ४३२१० असा नंबर चिकटवला की ते अधिकचे चिन्ह आणि जागा गाळी, बारा आकडे हाती आले की पहिले दहा ठेवी आणि शेवटचे दोन मुकाट्याने टाकून देई. राहिले काय? ९१९८७ ६५४३२. दहा आकडे, ९ ने सुरुवात, हिरवी खूण. आमच्या एका सभासदाचा ओटीपी चार दिवस येईना. नोंद काढून पाहिली तेव्हा नंबराच्या तोंडाशी हे ९१ बसलेले सापडले.

यावर कोणी म्हणेल, मग शेवटचे दहा ठेवा. तेही बरोबर नाही. रत्नागिरीचा माणूस आखातात कामाला असतो. संयुक्त अरब अमिरातीचा कोड ९७१ आणि त्यापुढे मोबाइलचे आकडे नऊ. शेवटचे दहा ठेवले तर कोडाचा शेवटचा १ नंबराला चिकटतो. आणि टाइप करणाऱ्याने ९१ लिहिले म्हणजे तो देशाचाच कोड, असेही धरता येत नाही, कारण ९१ ने सुरू होणारे मोबाइल नंबर आहेत. तेव्हा यंत्राने धीर धरावा. अधिकचे चिन्ह असेल तर कोड आहे हे नक्की. नसेल, तर दहाच्या आत काही ठरवू नये. बारा झाले आणि पुढे ९१ असेल तर कोड मानावा. अकरा झाले आणि पुढे शून्य असेल तर ते शून्य सोडावे. (१५ जानेवारी २०२१ पासून तारेच्या फोनावरून मोबाइल लावताना पुढे शून्य लावावे लागते, त्यामुळे ते शून्य लोकांच्या बोटांत बसले आहे.) यांपैकी काहीच जुळत नसेल तर आलेले सारे आकडे जसेच्या तसे दिसू द्यावेत आणि माणसाला विचारावे. मुकाट्याने कापणे तेवढे करू नये. पगारातली कपातसुद्धा पावतीवर दाखवावी लागते!

मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांची तक्रार वेगळीच. त्यावरून कधी देवनागरी आकडे उमटतात. माणसाला ५ आणि त्याचा इंग्रजी भाऊ एकच. यंत्राच्या लेखी ती दोन निराळी अक्षरे. केवळ इंग्रजी आकडे वेचणारा कारकून देवनागरी आकडे कचरा म्हणून झाडून टाकतो. माणूस लिहितो आहे आणि चौकट रिकामीच. वस्तुतः एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणे म्हणजे दहा जोड्यांचे कोष्टक. गूगलने ‘लिबफोननंबर’ नावाचे जे तयार साधन सर्वांसाठी खुले ठेवले आहे, ते हे रूपांतर करते. त्याच साधनात टाइप करता करता गट पाडणारा एक भाग आहे. त्याची रीत आम्हांस आवडते. तो एकेक आकडा घेतो, त्या देशातल्या संभाव्य मांडण्या समोर ठेवतो, न जुळणाऱ्या बाद करीत जातो, आणि एकही जुळली नाही तर हट्ट सोडून माणसाने लिहिले तसेच परत देतो. कर्सर कोठे होता हे लक्षात ठेवण्याची सोयही त्यात आहे. नंबरांचे नियम बदलले की नवी आवृत्ती निघते. इतके फुकट मिळत असताना घरच्या घरी अर्धवट कारकून घडवण्याची हौस का, हे आम्हांस उमगत नाही. मात्र नवी आवृत्ती कोणी घेतलीच नाही, तर हे साधनही जुन्या पंचांगासारखे होते.

कित्येकांचे मत असे की, टाइप करताना काही करूच नये. माणूस लिहून चौकटीबाहेर गेला की मग एकदाच गट पाडून दाखवावेत. हे मत टाकाऊ नाही. कर्सरची आणि पुसण्याची सारी भांडणे त्यात मिटतात. आमचा कल तरीही लिहितानाच जागा पाडण्याकडे आहे, कारण आमच्या लोकांपैकी पुष्कळजण चौकटीबाहेर गेल्यावर मागे वळून पाहत नाहीत. चूक दिसायची तर बोट कळीवर असतानाच दिसली पाहिजे. पण कर्सर सांभाळता येत नसेल, तर दुसरा मार्गच पत्करावा.

राहिला प्रश्न साठवणीचा. मोकळी जागा डोळ्यासाठी आहे, दप्तरासाठी नव्हे. दप्तरात अधिकचे चिन्ह, देशाचा कोड आणि आकडे, एवढेच सलग ठेवावे. दाखवताना पुन्हा जागा पाडावी. नाहीतर एकाच माणसाची नोंद जागेसकट आणि जागेविना अशी दोनदा होते. आणि नंबर ही संख्या समजून ठेवू नये. पगाराची बेरीज होते, बिल्ल्याच्या नंबराची होत नाही. यंत्रात संख्येसाठी जो एक नेहमीचा खण असतो त्यात सुमारे २१४ कोटींपर्यंतच मावते. आपला मोबाइल नंबर संख्या म्हणून वाचला तर तो सहाशे कोटींच्या पुढे जातो. आमच्या सभासदांची यादी एक्सेलमध्ये आहे. तेथे नुसता नंबर लिहिला तर पुढचे शून्य आणि अधिकचे चिन्ह दोन्ही गळतात, आणि ९१ सह बारा आकडे लिहिले तर आकड्यांच्या मध्ये ‘ई’ हे इंग्रजी अक्षर येऊन भलतेच काही दिसू लागते. तो रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून आधी नेमून ठेवावा लागतो. आकडे भरून झाल्यावर नेमला तर गळालेले शून्य परत येत नाही, आणि मग सभासदत्वाचे फॉर्म पुन्हा काढून एकेक नंबर ताडून पाहावा लागतो.